डायलिसिसचे पाणी कोण तपासतो?

डायलिसिस करून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी हुडहुडी भरली की आपल्याकडे घरातली मंडळी म्हणतात, ‘आज मशीन बाधलं.’ अंगावर दोन गोधड्या टाकतात, चहा करून देतात आणि थंडी थांबली नाही तर रात्री नऊच्या सुमारास आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरचे दार वाजवतात. ताप १०२ असतो. मलेरियासाठी रक्ताची काच घेतली जाते, कोणी विडाल चाचणी लिहून देतो, पॅरासिटामॉलची गोळी पोटात जाते. सकाळी ताप उतरलेला असतो. सगळे विसरतात. दोन दिवसांनी पुन्हा डायलिसिसची पाळी येते.

मशीन बाधत नाही. बाधलेच तर पुष्कळदा पाणी बाधते. या पाण्याविषयी वर्तमानपत्रात फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आजचे सदर त्याच्यासाठी.

डायलिसिस म्हणजे काय हे आता बहुतेक वाचकांना ठाऊक झाले आहे. दुर्दैवाने प्रत्येक गल्लीत एखादा तरी रुग्ण आहे. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातली घाण बाहेर टाकायला कोणी उरत नाही. मग रुग्णाचे रक्त नळीने बाहेर काढून डायलायझर नावाच्या जाड नळकांड्यातून फिरवतात. आत केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंतून रक्त वाहते आणि तंतूंच्या बाहेरून एक द्रव वाहतो. रक्तातली घाण तंतूंच्या भिंतीतून या द्रवात उतरते. हा द्रव म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे क्षार आणि बायकार्बोनेट मोजून मिसळलेले असते.

आता हिशेब करा. मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव लागतो. चार तासांचे १२० लिटर झाले. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर एका वेळी आठ हंडे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर ३६० लिटर. तुम्ही आम्ही आठवड्याला चौदा-पंधरा लिटर पाणी पितो. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्ताशेजारून वर्षाला जवळजवळ १९ हजार लिटर पाणी वाहून जाते, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर भरतील एवढे.

आपण प्यालेले पाणी आधी जठरातल्या आम्लात पडते, मग आतड्याच्या जिवंत अस्तरातून निवडून पाखडून रक्तात जाते. डायलिसिसच्या रुग्णाला ही सोय नाही. त्याचे रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. नगरपालिकेच्या पाण्यात पोट बिघडवणारे जंतू नसले की ते पिण्यायोग्य ठरते, आणि ते बरोबरच आहे. पाण्यात स्वभावतःच राहणारे स्यूडोमोनास किंवा बर्कहोल्डेरिया जातीचे जंतू निरोगी माणसाच्या पोटात थोडेफार गेले तरी काही होत नाही. डायलिसिसच्या पाण्याला मात्र तेच नकोत. त्यामुळे ‘आमच्याकडे पाणी पिण्यालायक आहे’ हे उत्तर डायलिसिसच्या बाबतीत अपुरे आहे.

यात एक गंमतीचा, खरे म्हणजे पंचाईतीचा भाग आहे. नळाच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून क्लोरीन टाकतात. पण क्लोरीन रक्तापर्यंत पोचले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डायलिसिससाठी येणारे पाणी प्रथम कोळशाच्या टाकीतून गाळून त्यातला क्लोरीन काढून टाकावाच लागतो. पहारेकऱ्याला दाराबाहेर काढले की घर मोकळे! कोळशाच्या टाकीपासून पुढे पाण्याला राखणदार नाही. कोळशातच जंतू घर करतात, पाणी मऊ करणाऱ्या राळेच्या टाकीत वाढतात, आणि मग येते आर.ओ. यंत्र.

आर.ओ.वर लोकांचा फार विश्वास. यंत्र चांगलेच असते. त्याचा पडदा शाबूत असेल तर जंतू आणि त्यांचे विषही तो बहुतांशी अडवतो. प्रश्न सुरू होतो तो त्याच्यानंतर. स्वच्छ झालेले पाणी टाकीत साठते, टाकीतून नळ्यांनी प्रत्येक मशीनपर्यंत जाते, उरलेले परत टाकीत येते. या वाटेवर कुठे तरी दोन-चार जंतू शिरतात. टाकीचे झाकण सैल, हवेच्या भोकावर गाळणी नाही, एखाद्या नळीचा फाटा बंद करून तसाच सोडलेला, त्यात पाणी साचून राहिलेले. माठ चार दिवस न घासता आत बोट फिरवून पाहा, बुळबुळीत थर लागतो. तोच थर या नळ्यांच्या आत बसतो. इंग्रजीत त्याला बायोफिल्म म्हणतात. एकदा तो जाड झाला की औषधाचे पाणी वरून वाहून जाते आणि आतले जंतू सुखरूप राहतात. म्हणून टाकी आणि नळ्या जंतुनाशकाने किंवा गरम पाण्याने ठरलेल्या दिवशी, महिन्यातून निदान एकदा, धुवायच्या असतात. जंतूंचा आकडा वाढला म्हणून धुणे म्हणजे चोर घरात आल्यावर कुलूप आणायला बाजारात जाणे.

दुसरी जागा म्हणजे बायकार्बोनेटचा कॅन. डायलिसिसचा द्रव करताना दोन कॅनमधली द्रावणे लागतात. एक आम्लाचे, त्यात जंतू तग धरत नाहीत. दुसरे बायकार्बोनेटचे, ते त्यांना मानवते. १९८० च्या दशकात जुन्या अ‍ॅसिटेटची जागा बायकार्बोनेटने घेतली. रुग्णांना ते सोसायला पुष्कळच चांगले, पण जंतूंनाही चांगले. संध्याकाळी कॅनमध्ये उरलेले द्रावण फेकून, कॅन आर.ओ.च्या पाण्याने विसळून, रात्रभर उपडा घालून वाळवायचा असा नियम आहे. तो साधा आहे म्हणूनच पाळला जात नाही. उरलेल्या द्रावणातच सकाळी नवे ओतले जाते. गृहिणींना वेगळे सांगायला नको, यालाच आपण विरजण लावणे म्हणतो. रोज थोडे जुने ठेवून नव्यात घातले की दही छानच लागते.

आता ताप कसा येतो ते पाहू. जंतू स्वतः डायलायझरच्या पडद्यातून सहसा पार होत नाहीत. पण या जातीच्या जंतूंच्या कवचात एन्डोटॉक्सिन नावाचे विष असते आणि जंतू मेला, फुटला की त्याचे बारीक तुकडे पाण्यात सुटतात. ते तुकडे पडदा ओलांडू शकतात. आजकाल मोठ्या छिद्रांचे, जास्त घाण काढणारे डायलायझर वापरात आहेत. त्यांत काही जागी दाब उलटा होऊन थोडा द्रवच रक्तात शिरतो. आणि पाणी उकळले म्हणजे झाले असेही नाही. उकळून जंतू मरतात, त्यांचे विष तसेच राहते.

विष जास्त गेले की डायलिसिस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत रुग्ण कुडकुडू लागतो, ताप चढतो, मळमळते, रक्तदाब घसरतो. हे निदान दिसते तरी. त्याहून वाईट आहे ते न दिसणारे. थोडे थोडे विष दर खेपेला जात राहिले तर थंडी नाही, ताप नाही, पण शरीर आतून सतत धुमसत राहते. भूक मंदावते, वजन उतरते, रक्तवाढीची महागडी इंजेक्शने देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. घरचे म्हणतात डायलिसिसने माणूस खंगला. डॉक्टर इंजेक्शनचा डोस वाढवतो. पाण्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

डायलायझर धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. एकाच रुग्णाचा डायलायझर त्याच रुग्णासाठी, नीट निर्जंतुक करून, वापरण्याला माझा विरोध नाही. खर्चाचे गणित मलाही कळते. पण डायलायझर धुताना पाणी पडद्याच्या दोन्ही बाजूंनी फिरते, म्हणजे रक्ताच्या बाजूनेही. तिथे पडद्याची राखण नसते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९८२ साली एका डायलिसिस केंद्रातल्या २७ रुग्णांना क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतल्या एका पाण्यातल्या जंतूची लागण झाली. दोष निघाला तो डायलायझर धुण्याच्या पाण्यात आणि कमी ताकदीच्या फॉर्मॅलिनमध्ये.

याहून भयंकर गोष्ट ब्राझीलची. कारुआरू हे तिथले एक शहर. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथल्या एका डायलिसिस केंद्रातल्या १३१ रुग्णांपैकी ११६ जणांना अंधुक दिसणे, मळमळ, उलट्या असा त्रास सुरू झाला. त्यांतल्या १०० जणांचे यकृत निकामी झाले आणि ७६ रुग्ण दगावले. शहराच्या जलाशयात निळे-हिरवे शेवाळ माजले होते. हे शेवाळ म्हणजे खरे तर जंतूच. त्यांचे मायक्रोसिस्टिन नावाचे विष पाण्यात उतरले होते. ते पाणी पुरेसे शुद्ध न होताच टँकरने केंद्रात येत होते आणि केंद्रातली शुद्धीकरणाची यंत्रणा ते विष अडवू शकली नाही. पुढे दगावलेल्या रुग्णांच्या यकृतात तेच विष सापडले.

ब्राझील दूर आहे. पण धरणाचा तळ दिसू लागणे, पाण्याला हिरवट रंग येणे आणि दारात टँकर उभा राहणे हे शब्द मराठवाड्यातल्या किंवा सोलापूर-नगरकडच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आले तर रुग्णालयही टँकरच घेते किंवा बोअरवर जाते. म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत बदलतो. पाण्याच्या खोलीतली यंत्रे मात्र जुन्याच पाण्याच्या हिशेबाने लावलेली असतात.

यावर उपाय नवा शोधायचा नाही, तो लिहिलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार डायलिसिसच्या पाण्यात एका मिलिलिटरला जंतूंच्या वसाहती १०० पेक्षा कमी आणि एन्डोटॉक्सिन ०.२५ युनिटपेक्षा कमी असले पाहिजे. जंतूंचा आकडा ५० वर गेला की हातपाय हलवायचे, शंभराची वाट पाहायची नाही. पूर्वी पाण्यासाठी २०० आणि तयार द्रवासाठी तर २००० पर्यंत चालत असे. अनुभवाने ते कडक केले. तपासणी महिन्यातून एकदा करायची, यंत्रणा नवी असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला.

या तपासणीत दोन ठिकाणी डोळ्यात धूळ जाऊ शकते. मुद्दाम केली जाते असे मी म्हणत नाही, अज्ञानानेही होते. पहिली म्हणजे नमुना कधी घेतला. टाकी व नळ्या औषधाने धुतल्यावर लगेच नमुना घेतला तर अहवाल सुंदरच येणार. सून येणार म्हणून घर झाडल्यासारखे ते. नमुना धुण्याच्या आधी घ्यायचा, आणि टाकीच्या तोंडाशी नव्हे तर नळ्यांच्या फेऱ्याच्या शेवटच्या टोकाला आणि मशीनमधून. दुसरी म्हणजे नमुना कशावर वाढवला. लघवी-रक्ताचे जंतू वाढवण्यासाठी पॅथॉलॉजीत जे रक्त घातलेले अगर असते ते या कामाचे नाही. शुद्ध पाण्यात उपाशीपोटी राहायला शिकलेले जंतू त्या श्रीमंती जेवणावर नीट वाढत नाहीत. त्यांना साधे, कमी पोषणाचे माध्यम लागते, वीस अंशांच्या आसपास तापमान लागते आणि सात दिवस वाट पाहावी लागते. ४८ तासांत निकाल देणारी एक दुसरी पद्धतही आता मान्य झाली आहे, तिचे माध्यम वेगळे आहे. ‘वाढ नाही’ असा शिक्का मारलेला कागद हातात आला तर कोणत्या माध्यमावर, किती दिवस, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा कागद फाइलमध्ये नको, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर हवा. नमुना घेतल्याची तारीख, जागा, आकडा आणि शेवटचे निर्जंतुकीकरण कधी झाले ती तारीख. चार ओळी मराठीत. हॉटेलवाल्याला परवाना दर्शनी भागात लावावा लागतो, रेशन दुकानदाराला साठा फळ्यावर लिहावा लागतो. ज्या पाण्याशी माणसाचे रक्त आठवड्यातून बारा तास भिडते त्याचा आकडा भिंतीवर लिहिण्यात अडचण कसली?

२०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. मुंबई-पुण्याला खेपा घालून घरदार विकणारी माणसे आम्ही पाहिलेली आहेत, त्यामुळे तालुक्यापर्यंत मशीन आले याचे मोल मला चांगले ठाऊक आहे. परंतु उद्घाटनाला पाहुणे येतात ते मशीनच्या खोलीत. फीत तिथेच कापली जाते, फोटोही तिथलाच. मागची पाण्याची खोली कोणी उघडून पाहत नाही. आकडे विचारले जातात तेही किती मशीन, किती रुग्ण, किती फेऱ्या एवढेच.

या सूचनेला मित्रमंडळींतून दोन आक्षेप आले. एक असा की रुग्ण आकडा वाचून घाबरतील आणि डायलिसिस सोडतील. रुग्णांना पोटॅशियम, क्रिएटिनिन, ‘ड्राय वेट’ हे शब्द तोंडपाठ असतात. कितवी खेप ते सांगतात, सुई कुठे टोचायची तेही सांगतात. त्यांना पाण्याचा आकडा झेपणार नाही हे मला पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नव्या मशीनला एन्डोटॉक्सिन अडवणारी खास गाळणी आतच बसवलेली असते, मग पाण्याचा एवढा बाऊ कशाला? गाळणी खरोखरच उपयुक्त आहे. पण तिला मुदत असते, मुदत संपल्यावर ती बदलावी लागते आणि बदलायला पैसे व आठवण दोन्ही लागतात. शिवाय मागून येणारे पाणीच घाण असेल तर गाळणीवर भार टाकून आपण किती दिवस निभावणार? त्या भिंतीवरच्या कागदात गाळणी बदलल्याची तारीखही घालावी असे मला हा आक्षेप ऐकूनच सुचले.

यात टेक्निशियनला धारेवर धरू नये, एवढे सांगणे जरूर आहे. बहुतेक ठिकाणी ही मुले कंत्राटी असतात. सकाळची पाळी, दुपारची पाळी, मध्येच कोणाचा रक्तदाब पडला, कोणाची सुई निसटली. रात्री सगळे गेल्यावर टाकी धुणे त्याच्याच वाट्याला. ते काम पाळीच्या तासांत धरले पाहिजे आणि त्यासाठी मशीन अर्धा दिवस बंद ठेवावे लागले तर वरिष्ठांनी त्यावर रागावता कामा नये.

आता रुग्णांना व घरच्यांना. पहिली गोष्ट, हे वाचून डायलिसिसची एकही खेप चुकवू नका. खेप चुकल्याने पोटॅशियम वाढून जो धोका होतो त्यापुढे हा धोका लहान आहे. दुसरी गोष्ट, प्रत्येक हुडहुडी पाण्यानेच येते असे नाही. मानेत किंवा छातीत कॅथेटर बसवलेला असेल तर पहिला संशय कॅथेटरच्या जंतुसंसर्गाचा. तो ताप अंगावर काढायचा नाही, गोळीने दाबायचा नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचे, अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यायला सांगायचे. डायलिसिसला बसण्यापूर्वीच ताप असेल तर कारण बहुधा दुसरे. पण बसताना अंग थंड होते, मशीन लागल्यावर कुडकुडायला लागले आणि त्याच पाळीत शेजारच्या खाटेवरच्यालाही तसेच झाले, तर मात्र पाण्याची चौकशी झालीच पाहिजे. म्हणून एक शंभर पानी वही करा. तारीख, पाळी, मशीनचा क्रमांक, डायलायझर नवा की कितव्यांदा वापरलेला, थंडी किती वाजता सुरू झाली, ताप किती, शेजारी कोणाला त्रास झाला का. ही वही तुमच्या मूत्रपिंडतज्ज्ञाला दाखवा आणि रात्री आमचे दार वाजवाल तेव्हा आम्हालाही. मलेरियाची काच घेऊ, ती घ्यावीच लागते. पण थंडी मशीनवर असतानाच सुरू झाली हे कळले तर आम्हीही दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या केंद्राला फोन करू शकतो.

आणि टँकर सुरू झाले की केंद्रात एक प्रश्न जरूर विचारा. पाणी आता कुठून येते आणि ते आल्यापासून नमुना तपासला का? कल्चरला आठवडा लागतो. तेवढ्यात एका रुग्णाच्या तीन खेपा होऊन जातात.